कारभारी कोण?

आमच्या शेजारच्या अक्का नवऱ्याला नावानं हाक मारतात. घरात हळूच नव्हे, भर गल्लीत, म्हशीच्या धारेच्या वेळी: "दत्तू, बादली कुठं ठेवलास?" कागलजवळच्या आमच्या गावात नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतं घ्यायची रीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. बाई बिघडली, असं गल्लीनं ठरवून टाकलं.

बिघडल्या नव्हत्या. चिडल्या होत्या, आणि का ते ऐका.

आमच्याकडं बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणते. मागच्या खेपेला सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि अक्का निवडून आल्या. पहिल्याच ग्रामसभेत कुणीतरी गटारीचं विचारलं. अक्का गडबडल्या आणि जन्माच्या सवयीनं बोलून गेल्या, "ते कारभारी सांगतील." झालं! दत्तूभाऊ उठले ते थेट सरपंचाच्या खुर्चीत जाऊन बसले. गाव त्यांनाच सरपंच म्हणायला लागलं. अक्का मात्र वैनीच. वैनी, च्या टाका. वैनी, हितं सही करा. झेंडावंदनाला दोरी दत्तूभाऊ ओढणार आणि अक्का मागं उभ्या राहून पोरांना खाऊ वाटणार. आता सांगतानाही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. जागा बाईची, मतं बाईला, आणि मिरवणार कोण, तर बाईचा नवरा.

दोन वर्षं अक्कांनी सोसलं. मग एक दिवस पंचायतीच्या ऑफिसात गेल्या आणि म्हणाल्या, "दत्तू, ऊठ. गावचा कारभारी मी हाय." त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून कारभारी हा शब्द नवऱ्यासाठी निघाला नाही. बायका शेतात तण काढायला, भांगलायला गेल्यावर येणारं नळाचं पाणी त्यांनी पहाटे सोडायला लावलं. खुर्चीत बसून दत्तूभाऊंना जे सुचलं नाही, ते हे.

यंदा आरक्षण बदललं. जागा सर्वसाधारण झाली. लगेच दूध संस्थेच्या कट्ट्यावर चार मिशा जमल्या, दत्तूभाऊंचं नाव ठरलं, आणि भावकीतले तात्या अक्कांच्या दारात निरोप घेऊन आले. मी तिथंच होते.

"वैनी, तुमचं आरक्षण संपलं की. आता निवांत ऱ्हावा."

"सर्वसाधारण म्हंजे काय, तात्या?"

"म्हंजे... पुरुषांचं."

"सर्वसाधारण म्हंजे समद्यांचं. त्यात मी न्हाय व्हय? मी हुबा ऱ्हाणार."

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात: मी जातो, मी करतो. बोलण्यात चालतं सगळं. तात्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं आणि ते चपला शोधायला लागले.

तेव्हापासून गावात चर्चेला ऊत आलाय. नवऱ्याच्या विरोधात उभी राहणार, घर फोडणार, असली बाई कशाला हवी. दत्तूभाऊ बायकोच्या विरोधात उभे राहतायत, हे एकाच्याही तोंडून निघत नाही.

काल दुपारी मी तावातावानं अक्कांच्या गोठ्यात गेले. म्हटलं, "अक्का, असा दणका द्या की जन्मभर लक्षात राहील."

त्या वैरण टाकत होत्या. म्हणाल्या, "दत्तू बोलायचा बंद झालाय."

"न का बोलेना! त्यांचं काय अडलंय?"

"त्याचं न्हाय गं, माझं अडलंय." त्या वैरणीची पेंढी हातात धरून तशाच थांबल्या. "पोरं आई म्हणत्यात, गाव वैनी म्हणतंय, तू अक्का म्हणतीस. इंदू म्हणणारा त्यो एकटाच. चारचौघात न्हाय, दार लावल्यावर. नवी नवरी हुतो तवापासनं."

मी दुसरी पेंढी सोडून म्हशीपुढं टाकली. शेवटी विचारलं, "मग, माघार घेताय?"

"माघार कशाला घेतो?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "हुबा ऱ्हाणार आणि निवडून बी येणार. गाव सरपंच म्हणंल की. पर इंदू कोण म्हणंल गं मला?"