बाईंनी पेन काढला

"या रविवारी मी कुणाची बाई नाही, कुणाची आई नाही आणि कुणाची सूनही नाही!"

अशी गर्जना पंकजाबाईंनी केली. केली म्हणजे मनातल्या मनात. आणि तीही कुकरची शिट्टी चालू असताना. चुकून तोंडातून निसटलीच तर ऐकू जायला नको!

पंकजाबाई राहायच्या देवळाली प्रवरेत आणि शिकवायच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. शाळेत तिसरी आणि चौथी एका वर्गात, घरी सृष्टी आणि अमृत एका खोलीत. गोंगाट दोन्हीकडे सारखाच. दागिना नको, साडी नको, महाबळेश्वर नको, बाईंना हवं होतं फक्त एक कीर्तन. पण अख्खं! नमनापासून आरतीपर्यंत, मांडी न मोडता!

वडील टाळकरी. त्यांच्या मांडीला टेकून, मृदंगाच्या थापेवर ही पोर वाढलेली. पण लग्न झालं, पोरं झाली आणि कीर्तनं अर्धी राहू लागली. महाराज दृष्टांताला हात घालायचे, राजा शिकारीला जंगलात शिरायचा आणि नेमकी तेव्हाच अमृतला शू लागायची! त्याला बाहेर नेऊन आणेपर्यंत इकडे आरती. असे कितीतरी राजे बाईंच्या लेखी अजून जंगलातच हिंडतायत!

म्हणून बेत ठरला. तांबडवाडीचा सप्ताह, रविवारी सकाळी काल्याचं कीर्तन. शाळा एका दिशेला, माहेर दुसऱ्या, तांबडवाडी तिसऱ्या; ओळखीचं चिटपाखरू भेटायचं नाही. घरी सांगितलं, "प्रशिक्षण आहे." शिक्षकाच्या घरात या शब्दाची उलटतपासणी होत नाही.

"ऐतवारी बी टरेनिंग?" सासूबाई, केशरबाई, एवढंच म्हणाल्या. "सरकारला घरदार हाय का न्हाई!"

बाई स्कूटीवरून निघाल्या त्या पिंजऱ्यातून सुटलेल्या पोपटासारख्या! तांबडवाडीत पोचल्या तेव्हा मंडपात टाळकरी नुकते उभे राहत होते. बाहेर लिंबाच्या पारावर बाई जरा टेकल्या. मोबाईल बंद केला. डोळे मिटले. आहाहा!

"मास्तरीनबाई हायसा न्हवं?"

डोळे उघडले. समोर एक म्हातारी, बनुबाई तिचं नाव. कपाळावर बुक्का, हातात आधार कार्ड.

"तुम्हाला कसं कळलं?"

"खांद्याला पिशवी, नाकावर चष्मा, आन बसता बसता पोरांवर डोळे वटारलेत. न कळाया काय झालं! येवढं नाव बघा बरं, बनुबाईचं भानुबाई केलंय मेल्यांनी."

आता माउलीला नाही कसं म्हणायचं? नाव बरोबर कसं लिहायचं ते कागदाच्या चिटोऱ्यावर उतरवून द्यावं, म्हणून बाईंनी पर्समधून पेन काढला.

तिथंच घात झाला!

मंडळी, आपल्या खेड्यात तलवार उपसली तर माणसं पळतील, पण सुट्टीच्या दिवशी मास्तरणीनं पेन उपसला की माणसं रांग लावतात! मतदार मोजले बाईंनी, संडास मोजले बाईंनी, शाळेत न येणारी पोरं शोधली बाईंनी. तेव्हा पेन निघाला म्हणजे सरकारचं काहीतरी आलंच.

कुणीतरी हाळी दिली, "ए रेश्मे! पळ, केवायसीवाली बाई आली गं!"

बघता बघता पारापुढं रांग लागली. कुणाकडं रेशन कार्ड, कुणाकडं पासबुक. एक गडी तर म्हैस घेऊन आला.

"ही कशाला आणली?" बाई किंचाळल्या.

"मोजायची न्हाई? मागल्या टायमाला मोजल्याली."

तेवढ्यात सरपंच आप्पासाहेब धावत आले. मागून टेबल आलं, खुर्ची आली, चहा आला.

"सरपंच, अहो, मी कीर्तन ऐकायला आलेय!"

आप्पासाहेब खळखळून हसले. "मॅडम, लई इनोदी बोलता! रविवारी सरकारी मानूस कामाबिगर येतंय व्हय कुटं? सांगायचं ना आधी, मांडव टाकला असता."

"खरंच सांगते हो!"

"मग शाळा कंची तुमची? नाव सांगा, सत्कार करू."

नाव! नाव सांगितलं की सत्कार, सत्काराचा फोटो, फोटो मोबाईलवरून थेट देवळालीच्या स्वयंपाकघरात! बाई गप्प बसल्या. गप्प बसल्या म्हणजे कबूल केलं, असं समजून आप्पासाहेबांनी मंडपातल्या माईकवरून पुकारा केला, "केवायसीच्या मॅडम आल्या हायती. कुनी मागं राहू नका!" शिवाय मोबाईलवर निरोप पंचक्रोशीत धाडला.

तिकडं कीर्तन सुरू झालं. इकडं बाईंच्या कानात महाराजांचे चार शब्द पडायचे, पाचव्याला अंगठा पुढं यायचा. "सावळा तो नंदाचा..." "बाई, माजा अंगठा उमटत न्हाई." "यशोदा म्हणाली..." "बाई, हे पासबुक सुनंनं धुतलं!" बाईंच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मागितलेलं एवढंसं सुख, आणि तेसुद्धा हातभर अंतरावरून हुलकावणी देत होतं. बरं, लोकांना हाकलावं तर एकेकाचा चेहरा असा, की बाई पुढचा कागद हातात घ्यायच्याच!

मंडपातल्या बायका उठल्या. मग बापे उठले. मग टाळकरी एकेक करून सटकले. शेवटी सतरंजीवर एक कुत्रं उरलं आणि तेही कान खाजवत होतं. राहिला विणेकरी. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. मग त्यानं काय करावं? वीणा गळ्यात तशीच ठेवून तोही रांगेत उभा राहिला!

महाराजांनी ते पाहिलं आणि माईकवरच ओरडले, "अरे पांडुरंगा! वीणा रांगेत लागली!"

महाराज स्वतः पाराकडं आले. बाई खुर्चीतून ताडकन उठल्या. आता पाया पडावं की माफी मागावी, हे ठरायच्या आत टेबलावर एक हिरव्या बांगड्यांचा हात येऊन आपटला.

"घे बाई अंगठा. लई लांबून आलेय."

आवाज ओळखीचा! बांगड्या ओळखीच्या! मान वर केली तर केशरबाई! एका बाजूला सृष्टी, दुसऱ्या बाजूला अमृत, आणि मागं मोटारसायकल स्टँडवर लावणारे बाईंचे यजमान, हनुमंतराव!

"आई!!" सृष्टी आणि अमृत ओरडले.

"आई?" पंकजाबाईही ओरडल्या, सासूकडं बघून.

"तुजं टरेनिंग हितं व्हय?" केशरबाईंनी डोळे बारीक केले. "आमाला मोबाईलवर निरोप आला, मॅडम आल्यात म्हनून."

आता मात्र बाईंचा बांध फुटला. महाराजांसमोर, सरपंचांसमोर आणि म्हशीसमोर त्यांनी सगळं सांगून टाकलं. प्रशिक्षण खोटं, केवायसी खोटी, खरं फक्त कीर्तन. "एक कीर्तन पुरं ऐकायचं होतं हो! बस, एक!"



"म्हंजे," बनुबाई हळूच म्हणाली, "तुमी सोताच्या कामाला आल्ता? आन आमी तुमाला कामाला लावलं?"

"कीर्तनाला जाते म्हनली असतीस तर मी नको म्हनले असते का गं?" केशरबाई म्हणाल्या.

"नको नसतं म्हणालात, आई. पोरांना घेऊन जा म्हणाला असतात."

 केशरबाईंनी अमृतला काखोटीला मारलं, सृष्टीचं मनगट धरलं. "जा. म्होरं जाऊन बस. ह्यास्नी मी बघते."

महाराजांनी हात जोडले. "बाई, आजवर लोक कीर्तनातून उठून चहाला गेलेले बघितले. कीर्तनासाठी खोटं बोलून आलेलं माणूस पहिलंच! चला मंडळी, कागदं खिशात. पहिल्या चरणापासून पुन्हा धरतो."

बाईंना अगदी पुढं बसवलं. बनुबाई काठी घेऊन शेजारी बसली, कुणी "बाई..." म्हणून वाकला की काठी आपटायची. महाराज रंगले. देव ज्या घरात रांगला त्या घरच्या आईला तरी ताक घुसळायला धड फुरसत मिळाली का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बायकांची अख्खी बाजू हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. दहीहंडी फुटली. आरती झाली. पंकजाबाईंची मांडी एकदाही मोडली नाही!

परतताना पोरं हनुमंतरावांच्या मोटारसायकलवर आणि केशरबाई बाईंच्या स्कूटीवर.  बाईंना वाटलं, प्रशिक्षणाचा हिशेब आता निघणार!

"पंकजा."

"हां, आई?"

"आज माज्या वाट्याला निम्मंच कीर्तन आलं. तुजं पोरगं तीनदा उठलं."

"चुकलंच माझं, आई."

"चुकलंबिकलं राहू दे. राहुरीकडं एक सप्ता बसतोय म्हनं. पोरं हनुमंत बघंल."

"मग मी जाऊ एकटी?" बाईंनी आनंदानं करकचून ब्रेकच दाबला.

"जाऊ की," केशरबाई सावरून बसत म्हणाल्या, "आपन दोघी एकल्याच जाऊ!"