जावईबापूंचं पोट

संस्थेच्या पचन विभागात दोन पोटं कामाला होती. एक काचेचं आणि पोलादाचं, दुसरं सहायकाचं. पहिल्याची नोंद यंत्रसामग्रीत होती, दुसऱ्याची कुठेच नव्हती.

माणसाचं जेवण कसं पचतं हे दाखवणाऱ्या त्या यंत्राला सगळे जावईबापू म्हणत, आणि थाटही तसाच. घास बत्तीस वेळा चावलेला हवा, जेवण वीस मिनिटं संथपणे आत जायला हवं, पुढे दोन तास खोलीत कुणी शिंकायचंसुद्धा नाही. चावणारा भाग मंजुरीत अडकल्यामुळे चावायचं काम सहायकाकडे होतं. चावायचं आणि वाटीत थुंकायचं. गिळलं तर नमुन्याची अफरातफर! स्वतःचा डबा मात्र तो आकडे टिपता टिपता, उभ्याने, चार मिनिटांत उरकायचा. अकरा वर्षं हेच चाललं होतं. आता दुपारभर पोटात नुसती जळजळ व्हायची.

"अहो, अर्धा तास बसून जेवायला मागा की! तोंड शिवलंय का?" बायको म्हणाली.

त्याने अर्ज केला.

"पोट दुखतंय याला पुरावा?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"माझंच पोट आहे साहेब."

"म्हणजे साक्षीदार घरचाच. चालणार नाही."

मग त्याचा डबा जावईबापूंना भरवण्यात आला. त्यांनी तो सुरेख पचवला. निष्कर्ष निघाला: जेवण निर्दोष, पोट कामचुकार.

सहायकाचं डोकंच सरकलं. "त्यांना मी चावून भरवतो साहेब! जेवताना त्यांच्यावर कुणी खेकसत नाही. त्यांना माझ्यासारखं जेवू घाला, मग बघा!"

मुद्दा शास्त्रीय होता. दुसऱ्या दिवसापासून जावईबापूंच्या आत न चावलेले घास चार मिनिटांत कोंबले जाऊ लागले. शेजारी फोन वाजत ठेवला. विभागप्रमुख जातीने येऊन खेकसून जात. तिसऱ्या दिवशी जावईबापू गुरगुरले, थरथरले आणि नळी फुटून भिंतभर ओकले. भिंत पुसता पुसता सहायकाला हसू आवरेना. मिळाला एकदाचा पुरावा!

चौकशी समिती जेवणाच्या सुट्टीत बसली, कारण इतर वेळी कुणालाच सवड नव्हती. एका हाताने घास, दुसऱ्या हाताने सही. अहवाल आला: यंत्र नाजूक आहे, त्याला यापुढे तीन तास विश्रांती द्यावी. सहायकाचं पोट मात्र हेच सगळं अकरा वर्षं सोसून चालू आहे, म्हणजे ते उत्तम आहे. अर्ज नामंजूर. यंत्र दुरुस्त होईपर्यंत त्याचे नमुनेही सहायकानेच पचवावेत.

"म्हणजे गिळायचे, साहेब?"

"हो. चार मिनिटांत."

अहवालाची प्रत सगळ्या कार्यालयांना गेली. तुमच्याकडेही आलीच असणार. खोटं वाटत असेल, तर आठवत न बसता पटकन सांगा बघू, आज दुपारी तुमच्या डब्यात भाजी कोणती होती?