आर्लिसच्या दोन खुर्च्या

सोमवारी राज्याचा तपासनीस येणार, म्हणून मॅनेजर कर्टने रविवारी चर्चहून येऊन, गुडघ्यांवर रांगत पतपेढीच्या फरशीवर पिवळी पट्टी चिकटवली. अलीकडे पतपेढी, पलीकडे तिचीच विमा विकणारी कंपनी. दोन्हीकडे एकेक खुर्ची आणि बसायला मात्र एकटी आर्लिस.

"आपण कुठल्या कंपनीशी बोलतोय, ते गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे," कर्ट म्हणाला. "नाहीतर कंपनीचा परवाना गेला, आणि तुझी अर्धी नोकरीही."

अर्धी नोकरी! पूर्णवेळ नोकरी होती म्हणून तर आजारपणाचा विमा होता, आणि त्यावर नवऱ्याचं, ऑर्विनचं डायलिसिस चाललं होतं. आर्लिसने दोन्ही कंपन्यांच्या नावांचे दोन बिल्ले खिशात टाकले.

सोमवारी राजधानी बिस्मार्कहून आलेले तपासनीस टोलेफसनसाहेब कॉफी घेऊन कोपऱ्यात बसले आणि नेमका तेव्हाच तिचा चुलतभाऊ डेल्मर उगवला. त्याला ट्रॅक्टरच्या कर्जावर विमा हवा होता.

"विम्याचं मला काही माहीत नाही. पलीकडे विचारा." आर्लिस उठली, पट्टी ओलांडली, बिल्ला बदलला. "या, बसा. काय काम होतं?"

"डोकं ठिकाणावर आहे ना गं तुझं? मी डेल्मर!"

"कर्जाचा कागद आणलात?"

"तो तुझ्याच कपाटात आहे की!"

"कपाट पतपेढीचं. आम्हाला हात लावता येत नाही." तिने पतपेढीला अर्ज लिहिला, अलीकडे येऊन तो वाचला, आणि तारीख नाही म्हणून परत पलीकडे नेऊन दिला.

"तुझी आई गेली ते बरंच झालं," डेल्मर पुटपुटला. "हे तरी बघावं लागलं नाही."

टोलेफसनसाहेब मात्र खूश. महिन्याभरात अहवाल आला, त्यात एकही वाईट शेरा नव्हता. कर्टने केक आणला. आर्लिसने पहिला घास घेतल्यावर त्याने घसा खाकरला.

"राज्यानं लेखीच दिलंय, दोन्ही कंपन्या अगदी वेगळ्या. आपला वकील म्हणतो, मग तू इथे वीस तास, तिथे वीस तास. पूर्णवेळ कुठेच नाहीस. आजारपणाचा विमा एक तारखेपासून बंद."

मेलं ते शहाणपण! इतकं चोख काम केलं नसतं, तर दोन्ही कंपन्या एकच आणि आपली नोकरी पूर्णवेळच, असं भांडता तरी आलं असतं.

"अरे, मग ऑर्विनच्या डायलिसिसचं काय?"

"तू हे कुठल्या कंपनीकडून विचारतेयस?" कर्ट म्हणाला. तो टोमणा नव्हता. तक्रार कुठल्या फायलीत लावायची, ते त्याला खरंच कळत नव्हतं.