नलूमावशीचा बिब्बा

आमच्या तळमजल्यावरची नलूमावशी माणसांशी फारशी बोलत नाही, त्यांच्या दुखण्यांशी बोलते. मी पहिल्यांदा लंगडत तिच्या दारात गेलो तेव्हा तिने माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्यापाशी वाकून म्हणाली, "इलंस? बस हंय." मी बसलो, तर मलाच दटावलं, "तुका नाय सांगलंय, त्येका सांगलंय."

बोरीवलीत नॅशनल पार्कच्या भिंतीला टेकून आमची सोसायटी आहे. मावशीच्या घरात भर दुपारीही दिवा लागतो. पार्कातली माकडं सगळ्यांच्या बाल्कन्या उचकतात, तिच्या खिडकीपाशी मात्र नुसती बसून राहतात, पेशंटसारखी. गिरणीतला नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही. घरभर उकळलेल्या निर्गुडीच्या पाल्याचा कडवट वास.

त्या पाल्याच्या शेकाने मला खरंच उतार पडला. जिना चढताना देव आठवेनासा झाला. पण मावशीची खरी मदार बिब्ब्यावर. लोक दृष्ट लागू नये म्हणून तो दाराला टांगतात. ही सुईला टोचून ज्योतीवर धरते आणि सुटलेलं काळं तेल दुखऱ्या जागी लावते. ते एकाला मानवतं, दुसऱ्याला जाळतं. म्हणून आधी ती स्वतःच्या हातावर एक ठिपका देते, मग पेशंटच्या, आणि कातडी जळत नाही ना हे कळेपर्यंत त्याला घरी पाठवते. दोन्ही हात काळ्या डागांनी भरलेत. एकेका डागावर बोट ठेवून ओळख करून देते, "हो सावंताचो खांदो. ही तुझ्या बायलेची टाच." ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, तरी मी जायचो. तिथे चहा उत्तम मिळतो.

मलाही तिने ठिपका दिला आणि उद्या ये म्हणाली. एवढा धीर माझ्यात असता तर काय हवं होतं! ती चहा आणायला आत गेली तेव्हा मी एक बिब्बा खिशात टाकला. घरी गॅसवर तापवला आणि अख्ख्या गुडघ्याला माखला. थेंबाने इतका गुण, तर माखल्यावर मी पळतच सुटेन, असं माझं गणित.

सकाळी खाज, दुपारी फोड, पायाचा फणस. बिब्बा उतला होता. डॉक्टर म्हणाले, कातडी चक्क भाजली आहे. पाल्याचा शेक घ्यायचा तर घ्या, बिब्ब्याला पुन्हा हात लावायचा नाही. बायको म्हणाली, "गुडघ्यावरून पायावर गेलात. प्रमोशनच म्हणायचं."

बिब्बा मीच चोरला, हे मी बायकोला सांगितलं होतं. पण बातमी सोसायटीभर फिरेपर्यंत त्यातला चोर गळाला आणि मावशीचा बिब्बा तेवढा उरला. तिच्या दारात चपला दिसेनाशा झाल्या. ज्यांच्या खांद्याची, टाचेची ती नावानिशी चौकशी करायची, ते मान खाली घालून तिच्या दारावरून जाऊ लागले.

आणि एका दुपारी मावशी जिना चढून वर आली. बायकोने दार उघडलं. मी "चूक माझीच, मावशी," असं काहीतरी पुटपुटलो. तिने ऐकलं नाही. माझ्या पायाशी बसली, फोडांना हात न लावता बराच वेळ पदराने वारा घालत राहिली. मग अगदी हळू, रुसलेल्या पोराला समजवावं तशी, पायातल्या दुखण्याला म्हणाली,

"ह्येका सोड. ह्येच्याकडे माणसा आसत. माझ्याकडे चल."

ती उठली. मी लंगडत दारापर्यंत गेलो. एका हाताने कठडा धरून ती उतरत होती; दुसरा हात खाली, थोडा मागे धरलेला, कुणाचं तरी बोट धरावं तसा. "हळू. पायरी आसा," ती त्या रिकाम्या बाजूला म्हणाली.

मी बायकोकडे पाहिलं. तिने माझा हात घट्ट धरला होता.

खाली मावशीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि मागोमाग तिचा, कधी नव्हे इतका आनंदी:

"जेवतलंस मा?"