बारा मोटरींचा करार

गिरणामाई सोसायटीची पाण्याची मोटर ज्या आठवड्यात जळाली, त्याच आठवड्यात कुंदन मोकळा झाला. पहिली घटना किरकोळ होती. तीन बिल्डिंगांच्या चारही माळ्यांचं पाणी बंद झालं, एवढंच. दुसऱ्या घटनेनं मात्र आमची अख्खी वसाहत, डिंडोली, हलली.

कुंदन म्हणजे टेनिस बॉल क्रिकेटमधला आमच्या भागातला सगळ्यात मोठा फटकेबाज. त्याचा छक्का मैदानाबाहेर जातो का, हा वादाचा विषय नाही. तो कोणाच्या गच्चीवर पडला, यावर भांडणं होतात. जुन्या संघाशी त्याचं फाटलं होतं आणि तो आता कोणाचाच नव्हता. मी सोसायटीचा सेक्रेटरी. पोटासाठी तेव्हा कापडाच्या कारखान्यात लूम चालवत होतो, पण ठराव असा लिहितो की शेजारच्या पांझरा पार्कवाले नमुन्यासाठी मागून नेतात.

मोटरीसाठी वर्गणी जमली आणि सभा भरली. आमचे प्रमुख योगेंद्रभाऊ टेम्पो चालवतात आणि सिग्नलला थांबले की मोबाइलवर जगाच्या बातम्या बघतात. ते उठून म्हणाले, "अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. आपल्या विटीदांडूकडे चार पैसे आले असते तर जसा झाला असता, तसा. तिथं खेळाडू मोकळा झाला की संघ त्याच्या दारात रांग लावतात. दहा वर्षं, बारा वर्षं, एकदम करार!"

"आणि मधेच खेळता येईनासं झालं तर?" मी विचारलं.

"तरी पैसे चालू. त्यालाच गॅरंटी म्हणतात."

सभेनं आदरानं श्वास घेतला. गॅरंटी हा शब्द आम्ही आतापर्यंत फक्त मिक्सरच्या खोक्यावर वाचला होता.

मग योगेंद्रभाऊंनी हिशेब मांडला. उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांत झाल्यावर, होणाऱ्या डिंडोली कपचं यंदापासूनचं पहिलं बक्षीस होतं पाण्याची मोटर. "वर्गणीतून मोटर घेतली तर एकच मोटर येईल. त्याच वर्गणीतून कुंदन घेतला तर दर वर्षी एक येईल. बारा वर्षांत बारा मोटरी!"

यावर कोण काय बोलणार? कोणीतरी शंका काढली की बारा मोटरी ठेवायच्या कुठं. शंका रास्त होती म्हणून त्यासाठी लगेच उपसमिती नेमली. माझी बायको उषाबाई मागच्या रांगेतून म्हणाली, "आते चौथ्या माळावर पानी कोन आनी? तुमना कुंदन?" हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे मी तो नोंदवला नाही.

कुंदनच्या वतीनं बोलणी करायला त्याची मावशी आली. मंदाबाई. समाजातली निम्मी लग्नं या बाईनं जमवलेली, आणि उरलेली मोडलेली. पोहे खाऊन झाल्यावर तिनं पदर सावरला. "मना पोऱ काय रस्तावर पडेल शे का? पांझरा पार्कवाले आठ वर्षं देऊन ऱ्हायले. तुम्ही बोला."

आम्ही बारा म्हणालो. कुंदन मोबाइलमधून मान वर न काढता जरासा लाजला.

करार लिहायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. तो कसा लिहितात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. गिरणामाईत सगळे लूमवर, रंगखात्यात नाहीतर पॅकिंगला. आम्हाला आजवर कोणी करार दिलाच नव्हता, त्यामुळे नमुना आणायचा कुठून? शेवटी दोन्हीकडच्या सह्या असलेला एकच कागद सगळ्यांच्या ओळखीचा निघाला: लग्नाची यादी. मी तीच समोर ठेवून लिहीत गेलो. जिथं "वर" होतं तिथं "फलंदाज" केलं, बाकी फारसं बदलावं लागलं नाही. तळमजल्यावरची खोली, पाळीपाळीनं घरोघरचा डबा, धोंड्याच्या महिन्यात अनारशांचं वाण आणि कपडे. हाड मोडलं तरी करार मोडायचा नाही. आणि एकदा दिलेला मुलगा काही झालं तरी परत पाठवायचा नाही.

अशा रीतीनं आम्हाला फटकेबाज मिळाला आणि त्याच कागदानं सोसायटीला जावई मिळाला.

पहिल्या सामन्यात त्यानं असे काही छक्के मारले की योगेंद्रभाऊंचा घसा दोन दिवस बसला. दुसऱ्या सामन्यात चेंडू उचलताना त्याची कंबर लचकली. मंदाबाई रिक्षा करून आली. "जवाईले वाकाले लावतस? लाज नही वाटत तुम्ले?" मुद्दा यादीला धरून होता. ठराव केला की यापुढे कुंदनराव क्षेत्ररक्षण करणार नाहीत. पुढच्या सभेत ठरलं की ते धावणारही नाहीत, त्यांच्यासाठी आमचा वाल्मिक धावेल. वाल्मिक आमचा गोलंदाज, गरीब गाय. तो स्वतःच्याही धावा काढायचा आणि जावयाच्याही. तरी त्या वर्षी आम्ही उपांत्य सामन्यात हरलो. जावयाच्या डब्यात शेवभाजीचं तिखट जास्त झालं होतं आणि ते रुसून बसले होते.

तोपर्यंत पाणी गेटपाशी टँकरनं येत होतं. बाया बादल्या भरून चार माळे चढत. उषाबाईचे गुडघे सुजले, रात्री तेल चोळताना ती कळवळायची आणि मला वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं. पण पहिल्या दोन बादल्या जावयाच्या अंघोळीच्या, हेही यादीत होतं, आणि यादी माझ्याच अक्षरात होती.

धोंड्याचा महिना आला. प्रत्येक घराला वाटलं, आपलं वाण शेजारच्यापेक्षा कमी पडता कामा नये. अनारसे झाले, मांडे झाले, तुपाची धार धरली की कुंदनराव ती हातानं थांबवत नसत. महिन्याच्या शेवटी त्यांचा संघाचा टीशर्ट त्यांना होईना. नवा शिवला. खर्च वाढला म्हणून संघात काटकसर करावी लागली आणि ज्यांच्याशी करार नव्हता त्यांना कमी केलं. म्हणजे वाल्मिकला. त्यानं बूट पिशवीत घातले आणि तो पांझरा पार्ककडून खेळायला लागला.

त्याच महिन्यात लूमच्या पट्ट्यात माझा हात गेला. टाके पडले. कारखान्यात मी बावीस वर्षं होतो. शेठ हाताकडे बघून हळहळले, माणूस चांगला आहे. आपल्या गुजरातीत म्हणाले, "मटी जाय पछी आवजे." बरा झाल्यावर गेलो तर माझ्या लूमवर दुसराच उभा. शेठचा दोष काय? लूम थांबून चालत नाही. मी आता इच्छापोरला ठेकेदाराकडे रोजावर जातो. तिथं करार आहे, अगदी पक्का. तो ठेकेदाराचा आणि कंपनीचा आहे.

दुसऱ्या वर्षी मात्र आम्ही अंतिम सामन्यात गेलो. त्याचं कारण असं की कुंदनराव तोवर एकही सामना खेळले नव्हते. अंतिम सामन्याला मंत्रीबिंत्री येणार म्हणून ते खेळायला तयार झाले. समोर पांझरा पार्क. गोलंदाज वाल्मिक. त्यानं लांबून धावत येऊन साधाच, सरळ चेंडू टाकला. कुंदनरावांनी बॅट फिरवली तेव्हा मधला दांडा आडवा होऊन बराच वेळ झाला होता.

मोटर पांझरा पार्कला गेली. वाल्मिकनं ती खांद्यावरून नेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या चौथ्या माळ्यावरही नळ वाहू लागले आणि आमच्या बाया त्यांच्या नळावर बादल्या घेऊन उभ्या राहू लागल्या. कुंदनराव अंघोळीला तिकडेच जातात. धार चांगली आहे म्हणतात.

मग खास सभा बोलावली. विषय: करार मोडणे. वातावरण तापलं होतं, पोरं जावयाला नको नको ते बोलत होती. तेवढ्यात मागून उषाबाई भिंतीला धरून उठली.

"मला एवढंच विचारायचं आहे," ती माझ्याच ठरावांच्या भाषेत म्हणाली. "हाड मोडलं तरी डबा बंद नाही, हे तुम्हाला लिहिता येतं. परत पाठवायचं नाही, हेही लिहिता येतं. सगळं येतं तुम्हाला! मग इतकी वर्षं शेठकडे कोणी एकानं तरी म्हटलं का, की शेठ, आम्हालाही असंच लिहून द्या?"

मी टाके पडलेला हात टेबलाखाली घेतला.

योगेंद्रभाऊ खाकरले. "वहिनी विषय सोडून बोलत आहेत." आणि तेवढ्यात बाहेर आवाज झाला. कुंदनराव अंघोळ करून परतले होते आणि त्यांनी मजेखातर उभ्या उभ्या एक चेंडू हवेत उडवून मारला होता. चेंडू वर गेला, आणखी वर गेला, पांझरा पार्कच्या टाकीवरून दिसेनासा झाला. सगळी सभा खिडकीशी धावली. काय तो फटका! योगेंद्रभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं; सोसायटीत तेवढंच होतं.

करार मोडण्याचा विषय रद्द करून तो करार आणखी पाच वर्षं वाढवण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. पहिला हात माझा वर गेला, तोच, टाक्यांचा. उषाबाई मतदानाला थांबली नाही. तिनं रिकामी बादली उचलली आणि ती पांझरा पार्ककडे निघाली.

हसा, हसा. पण तो चेंडू टाकीवरून जाताना तुम्हीही मान वर करून बघत होता, बादलीकडे तुमचंही लक्ष नव्हतं. मी ठराव लिहिणारा माणूस आहे, हात कोणाकोणाचे वर होते ते मला दिसतं. आता घरी गेलात की जरा कपाट उघडा आणि बघा, तुम्हाला कोणी काय लिहून दिलंय.