भुई ताणली आणि राज्य नऊ हात खोल गेले त्याची हकीकत

श्री. सर्वांचा भार मुकाट वाहणाऱ्या भूमातेस आधी नमन, मग वर्तमान. शके सोळाशे नऊ, प्रभवनाम संवत्सरी, चैत्र शुद्ध प्रतिपदेस राज्याची वार्षिक मोजणी जाहली. चाल ऐसी की, मोजणीदाराने पश्चिम सीमेच्या शिवधोंड्यापासून पूर्व सीमेच्या शिवधोंड्यापर्यंत दोरी धरावी आणि राज्य जितके वाढले तितका महाराजांचा जयजयकार व्हावा. मागील तीन साले राज्य आपोआप वाढले आणि महाराजांनी घोड्यावर न बसताच दिग्विजयी हा किताब घेतला. यंदा मोजणीदार खेळोजीने दोरी धरली तो चार हात वाढ आली, परंतु दोरी मध्येच झोळीसारखी लोंबू लागली. खाली पाहतो तो भुईस दोन लांब भेगा, आणि भेगांमधील पट्टा राजवाड्यासकट खचलेला. मग त्याने ओळंबा सोडला, तो नऊ हात. तेव्हा खेळोजीस उमगले की, भुई दोहीकडून ओढली जाऊन पातळ जाहली, मधला भाग बसला आणि भार हलका होऊन दोन्ही काठ वर उचलले गेले. पूर्वेच्या शेजारी राज्याचा काठ ऐसा उंचावला की, त्यांची इकडे उतरणारी नदी मागे वळून त्यांच्याच उसात शिरली. शेजाऱ्यांस वाटले, धोंडा सरकवून जमीन बळकावली आणि नदीही आमच्या अंगावर घातली. त्यांनी काठावर फौज बसविली.

खेळोजीची बायको सगुणाबाई म्हणाली, "धनी, खरे सांगाल तर नोकरी जाईल."

"खोटे सांगितले तर लढाई येईल."

"लढाई कसली? ते वरून नुसते धोंडे सोडतील."

मग शेजाऱ्यांचे वकील नारो त्रिंबक टोपलीत बसून दोराने खाली उतरले, पागोटे सावरीत दरबारी आले आणि जाब पुसते जाहले. महाराज म्हणाले, "चार हात आम्हीच जिंकले."

खेळोजी पुढे जाहला. "महाराज, जिंकले नाहीत. ताणले गेले."

"कोणी ताणले?"

"भुईने. आपण वामकुक्षीत होता. वकिलांची जमीन वीतभरही घटली नाही, पूर्वेचा धोंडा अद्याप शिवेवरील जुन्या वडाच्याच मुळांत आहे. आपले राज्य मात्र चार हातांनी रुंद आणि नऊ हातांनी खोल जाहले. काठाला चर खणावा, नदी पुन्हा इकडे उतरेल."

वकिलांनी खिडकीतून वर पाहिले. त्यांचे शिपाई काठावर पाय सोडून भाकरी खात होते. वकील म्हणाले, "चर आम्हीच खणतो. लढायला आमचे महाराज उतरणार नाहीत, चढताना त्यांचे गुडघे दुखतात."

आणि ते टोपलीत बसून वर गेले. मग महाराज खेळोजीकडे वळले. "म्हणजे आम्ही खचलो?"

खेळोजीने घाम पुसला. "महाराज, इतक्या खोलवर आजवर कोणाचेच राज्य पोचले नाही."

महाराजांनी मिशीवर हात फिरविला. "पुढील साली किती?"

"अर्धा हात तरी."

"कमी आहे," महाराज म्हणाले.

येणेप्रमाणे लढाई टळली, शेजाऱ्यांचा ऊस वाचला, नदी खाली आली आणि सखल जागी साचून तिचे तळे जाहले. दरबार नावेत भरू लागला. खेळोजीस खोली मोजण्याची नवी सनद मिळाली. उभय राज्यांचे क्षेम, एक उंच, एक ओले.