वाघावर बसलेले सर

सोमण सर आमच्या वाघदेवावर बसून पोळी खात होते.

पावसाने शेंदूर धुऊन गेलेला, भोवती गवत माजलेलं. त्यांना तो नुसता दगड वाटला. आम्ही ठाकर माणसं पायातलं काढल्याशिवाय त्या दगडाजवळ जात नाही. आमचा भगत गोमादादा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. सगळी वाडी गोळा झाली.

"सर," गोमादादा म्हणाला, "वाघावर देवी बसते. तुमी कवा देवी झालात?"

बायका हसल्या. सर हसले नाहीत. आपण कशावर बसलोय ते कळल्यावर घास तोंडात तसाच ठेवून उठले, हात जोडले आणि पनवेलच्या रस्त्याला लागले. डबा तिथेच राहिला.

आता हे कुणाच्या हातून घडावं? ज्या माणसाने आमच्याकडे विचारल्याशिवाय पाणीही प्यायलं नाही, त्याच्या. सर कळंबोलीचे रिटायर मास्तर. जन्मभर पोरांना आदिवासींचा धडा शिकवला, पण आमच्यातल्या कुणाशी कधी बोलले नव्हते. म्हणून दर रविवारी वाडीवर यायचे. "एक विचारू? चालेल ना?" हे विचारायच्या आधीचं विचारणं. वाटेत कुत्रं झोपलेलं असलं तर त्यालाही, "पलीकडे जातो हं. चालेल ना?" पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तुम्हाला ठाकर म्हणू की आदिवासी? काय चालेल?"

"बुधीबाय म्हणा," मी म्हटलं. "तेच नाव हाय."

फोटोला मी नको म्हटलं, तर त्यांचा मोबाईल पुन्हा खिशाबाहेर आला नाही. डोंगरावर येणारे बाकीचे आधी फोटो काढतात, मग वाट विचारतात.

त्या दिवसानंतर सर आलेच नाहीत. दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस जवळ आली. त्या दिवशी देवाला नवा शेंदूर लागतो. गोमादादा म्हणाला, "जो बसला त्यानंच नारळ आणावा. देव विसरंल गं. आता नाय आला तर तो मानूस नाय विसरायचा. परत यायचाच नाय."

मी डबा घासला आणि कळंबोली गाठली.

सरांनी दार उघडलं. मी डबा त्यांच्या हातात दिला. घरात दोन खुर्च्या. एकीवर पेपरांचा ढीग. दुसरीवर घडी घातलेली शाल आणि बाईमाणसाचा चष्मा, काचा पुसलेल्या. जिने चढून माझे पाय मोडले होते, तरी मी थांबले.

"हितं बसू? चालंल ना?"

सर गडबडले. "तिथे नको. ती हिची. ही गेली, पण..." मग म्हणाले, "येणारा शाल बाजूला करतो आणि बसतो. विचारलंत तुम्हीच."

मी खाली फरशीवर बसले. तेही बसले.

"बुधीबाई, आता कुठल्या तोंडाने येऊ?"

"हाय त्याच. नारळ तेवढा घ्या."

निघताना सर खुर्चीकडे वळले. "वाडीवर जाऊन येतो. चालेल ना?"

मी दाराबाहेर चपला घालून उभी. उत्तराला जरा वेळ लागला असणार.

मग सर आले.